मुरारी उतेकरचा गोल्फ आणि कुशाबाचा बांध

पोलादपूरच्या कॉलेजचा गोल्फचा संघ येत्या हंगामात अजिंक्य राहणार, असं भाकीत प्राचार्य खांबेटे यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्याच सभेत केलं, आणि टाळ्या पडल्या. गोल्फ म्हणजे काय हे सभेत कुणालाच ठाऊक नव्हतं, हे टाळ्या पडण्याचं मुख्य कारण. दुसरं असं, की भाकितात खोट काढायला जागाच नव्हती. सरांनी चौकशी केली होती. महाडपासून पेणपर्यंत हा खेळ खेळणारं दुसरं कॉलेज नव्हतं. समोर कुणी उभंच राहणार नसेल तर हरवणार कोण?

मागच्या दाराशी घंटेची दोरी धरून मुरारी उतेकर उभा होता. "आणि हे आपले गोल्फमास्तर," असं म्हणत सरांनी त्याच्याकडे बोट केलं, तशी मुरारीने मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय हा विनय! विनय कसला, मागच्या दाराचा उंबरा किती लांब आहे ते तो बघत होता.

कॉलेज नवं होतं. एकोणसाठ साल असेल. बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत ते भरायचं. इतिहासाच्या तासाला वरून तूस गळायचं, अर्थशास्त्राच्या तासाला उंदीर. छप्पर नवं करायचं तर मुंबईच्या वनमाळीशेठनी मनावर घ्यायला हवं होतं, आणि शेठ मनावर घेत, पण सावकाश. छपराच्या अर्जाचं उत्तर म्हणून त्यांनी एस.टी.ने एक लांबोडकी कातडी पिशवी धाडली. आत लोखंडी डोक्याच्या काठ्या आणि पांढऱ्या चेंडूंचा डबा. डॉक्टरांनी आम्हाला खेळ बंद सांगितला आहे, तरी विद्यार्थ्यांनी आमचा गोल्फ पुढे चालवावा, पौषात येऊन पाहू, असा सोबत निरोप.

पिशवीभोवती सगळे प्राध्यापक जमले. एकाला ती शेतीची अवजारं वाटली, एकाला शस्त्रक्रियेची. मुरारी तेव्हा कॉलेजात हंगामी शिपाई होता. पाण्याची कळशी ठेवता ठेवता तो सहज बोलून गेला, "ह्ये गोल्फचं हाय. आमच्या क्लबात ढिगानं व्हतं."

"तुम्ही क्लबात शिकवत होतात?" सरांनी डोळे विस्फारून विचारलं.

मुरारी गप्प राहिला. शिकलेल्या माणसांना गप्प बसणाऱ्याबद्दल फार आदर असतो. संध्याकाळपर्यंत तो गोल्फमास्तर झाला, आणि एस.टी. थांब्यासमोरच्या हॉटेलात चहा पिताना त्याने स्वतःच त्यात भर घातली, की दोन गोरे साहेब आपल्या हाताखाली तयार झाले. चहा संपेपर्यंत त्यांचे चार झाले होते.

खरं काय ते इथे सांगून टाकू, म्हणजे पुढे कुणाची चुळबूळ नको. मुरारीने मुंबईच्या एका क्लबात बरीच वर्षं काढली हे खरं. पण मैदानावर नाही. मैदानाच्या मागे, बुटांच्या खोलीत. साहेब लोक खेळून आले की बूट काढून देत. मुरारी चिखल खरवडी, पॉलिश करी, टाचेवर ब्रश दोनदा आपटी आणि जोड फळीवर ठेवी. गोल्फ त्याने पाहिला तो एवढाच: जाताना लखलखीत बूट, येताना मळके. कुणाच्या बुटाला वाळू, कुणाच्या टोकाला गवताची हिरवी रेघ. काही बूट जसे जात तसेच परत येत. ते महाभाग सरबताच्या टेबलाशी बसून खेळत. दारूबंदीचे दिवस, म्हणून सरबत म्हणायचं.

आता मुरारीने हे सरांना जाऊन सांगायला हवं होतं, असं तुमच्यासारखे सज्जन म्हणतील. पण सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, शेठ खूश झाले तर तुमची नोकरी कायम, नाही झाले तर होळीनंतर कॉलेजला तुमची गरज उरणार नाही. नोकरी गेली की परत मुंबई. परत तो गावकीचा गाळा, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, आणि घर फक्त शिमग्याला नि गणपतीला. येसूबाईने लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा सलग घरात पाहिला होता. त्यात काही मोठा लाभ होता असं तिला वाटत नव्हतं, पण सवय लागली होती. तिने निक्षून सांगितलं होतं, "आता म्हमईला गेलात तर मी म्हायेरी जाईन. मंग शिमग्याला येऊन कुलपाशी बोला." म्हणून मुरारीने गोल्फ शिकवायचं ठरवलं.

संघात चौघे होते, पैकी नाव घेण्यासारखा हैबती. विटीदांडूत त्याच्यासारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. त्यामुळे चेंडू आधी हवेत उडवल्याशिवाय काठी चालवणं त्याला अपमानाचं वाटे. मुरारीने त्याला अडवलं नाही. अडवायचं कुठे हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला जे येत होतं ते त्याने मन लावून शिकवलं. अनवाणी पोरांना बूट घातल्यासारखं चालायला शिकवलं. फटका चुकला की काठीकडे कसं बघायचं ते शिकवलं. आणि साहेब लोक बूट काढताना जे बोलत ते सगळं पाठ करून घेतलं: वारा आडवा होता, गवत ओलं होतं, कुणीतरी मधेच खोकलं. महिन्याभरात संघ असा तयार झाला की खेळाखेरीज त्यात काही कमी म्हणून नव्हतं.

मैदान म्हणजे सावित्रीकाठची कापणी झालेली भातखाचरं. मुरारीने पहारीने भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात बांबूला लाल बावटा लावून रोवला. त्यातलं एक भोक नेमकं कुशाबा आणि भागोजी यांच्या बांधावर आलं.

हे दोघे सख्खे चुलतभाऊ. आजोबांच्या वाटण्या झाल्यापासून एकमेकांच्या घरचं पाणी न प्यालेले. बांध माझ्या बाजूला सरकवलास असं दोघंही म्हणत, आणि दोघांचंही खरं होतं. त्यात कुळकायद्याचे दिवस. आज मोजणी येणार, उद्या येणार, अशी रोजची आवई. अशात एका सकाळी आपल्या खाचरांत टोपीवाले खांबेटेसर, काठ्या घेतलेले चार गडी आणि लाल बावटे दिसल्यावर शहाण्या माणसाने दुसरं काय समजायचं?

कुणी विचारलं का नाही, म्हणाल. आपल्याकडे सरकारी माणसाला विचारत नाहीत. विचारलं की आपलं दुखतंय कुठे ते त्याला कळतं. कुशाबाने फक्त मुरारीला एकटं गाठून सुचवलं, की बावटा जरा पलीकडे असता तर बरं. मुरारी म्हणाला, "बाबा, ह्यो खेळ हाय." कुशाबाने डोळा घातला. "खेळच रं त्यो. आमी काय वळखीत नाय?" दुसऱ्या दिवशी मुरारीच्या ओटीवर पावट्याच्या शेंगांची टोपली आली. हे भागोजीला कळलं, आणि कोंबडा आला. मुरारीने दोघांनाही पुन्हा एकदा खेळ म्हणून सांगितलं, आणि कोंबडा ठेवून घेतला.

त्यानंतर बावट्याला पाय फुटले. पहाटे टमरेल घेऊन शेताकडे जायची वहिवाट कुणी मोडलेली नाही. कुशाबा जाता जाता बावटा उपटून चार पावलं भागोजीच्या खाचरात रोवी. मागून भागोजी जाई, तो कुशाबाच्या खाचरात सहा पावलं आत नेई. भोक बिचारं बांधावर तसंच, वर पेंढा पडलेलं. संघ मात्र रोज नव्या दिशेला चेंडू मारी.

"मास्तर," हैबतीने एकदा विचारलंच, "काल भोक तिकडं नव्हतं काय?"

"म्हमईतपण सरकवतात," मुरारी म्हणाला. गंमत अशी की मुंबईत खरोखरच सरकवतात. मुरारीला ते माहीत नव्हतं.

पौषात वनमाळीशेठ जीपमधून उतरले, तेव्हा अर्धं पोलादपूर बांधाबांधांवर बसलं होतं. सर हार घेऊन पुढे झाले. मुरारी त्यांच्या मागे. शेठचा चेहरा त्याने ओळखला नाही. मुंबईत त्याने चेहरे पाहिलेच कुठे होते? पण नजर सवयीने खाली गेली, आणि तो जागीच थिजला. पांढरे-तपकिरी बूट. डाव्या टोकाशी बारीक टाका. तो त्यानेच चांभाराकडून घालून घेतला होता. वर्षानुवर्षं हे बूट रविवारी फळीवरून जात आणि जसे जात तसे परत येत. एवढ्या वर्षांत त्यांना मातीचा कण लागलेला त्याने पाहिला नव्हता.

खाचरातली धूळ आज पहिल्यांदाच त्या बुटांवर बसत होती. मुरारीला राहवलं नाही. तो वाकला, खांद्यावरच्या पंच्याने बूट पुसले आणि टाचेवर बोटांनी दोनदा टकटक केलं. शेठनी खाली पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला. दोघांनीही एकमेकांना ओळखलं, आणि दोघांनीही ते दाखवलं नाही.

सरांनी आग्रह केला, पहिला फटका शेठनीच मारावा. डॉक्टरांचं नाव शेठनी काढलं, पण अर्धं गाव बघत असताना डॉक्टर कामाला येत नाही. पहिल्या फटक्याला वारा हलला. दुसऱ्याला ढेकूळ उडालं. "मुंबईत ह्ये मोजत नाय," मुरारीने गंभीरपणे जाहीर केलं. तिसऱ्याला चेंडू कसाबसा सुटला, आंब्याच्या खोडावर आपटला आणि उलटा फिरून कुशाबा-भागोजीच्या बांधावर जाऊन पडला. बावटा तेव्हा कुशाबाच्या खाचरात, पार उकिरड्याशेजारी फडकत होता.

कुशाबा ओरडत उठला, की मोजणीच्या मोठ्या साहेबाने निवाडा केला, गोटी बांधावर पडली, बावटा भागोजीने हलवला आहे. भागोजीने कुशाबाचे पहाटेचे उद्योग चारचौघांत सांगितले. दोघं मिळून मुरारीकडे आले. कुशाबाने कनवटीची पुडी सोडून गावदेवीचा अंगारा त्याच्या तळहातावर ठेवला.

"आता बोल. तू मोजणीवाला हाईस का नाय? बावटा मूळचा कुठं रोवलावतास?"

"मोजणी?" सर हसले. मदत करायला ते नेहमीच तत्पर असत. "अहो, घ्या ना शपथ, मुरारी. सांगा ह्यांना, तुम्ही क्लबात साहेबांना गोल्फ शिकवत होतात म्हणून. म्हणजे प्रश्नच मिटला."

हॉटेलात चहावर चार साहेब तयार करणं वेगळं, आणि अंगाऱ्यावर एक. उतेकरांच्या घराण्यात देवीच्या अंगाऱ्यावर कुणी खोटं बोललेलं नव्हतं. बाकी सगळीकडे बोलले होते. गर्दीत पदर तोंडाशी धरून येसूबाई उभी होती. मुरारीने तिच्याकडे पाहिलं, मग शेठच्या बुटांकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"शपथ कशाला?" शेठ घाईने पुढे झाले. हा बोलला तर कुठून सुरुवात करील हे त्यांना आता स्पष्ट दिसत होतं. "मी सांगतो. मी ह्यांना क्लबात पाहिलंय. माझ्या गोल्फबद्दल ह्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं मुंबईत कुणालाच नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. खांबेटेसरांना गहिवरून आलं.

मुरारीला उरलेली शपथ सोपी होती. "देवीशपथ, मी मोजणीवाला नाय. बावटा बांधावर रोवलावता, गोटी पडलीय तिथंच." पेंढा बाजूला केला, तर खरंच भोक हातभर अंतरावर.

कुशाबाने भोकात बोट घालून पाहिलं. "मोजणीवाला नाय? म्हंजे माझा पावटा गेला तो गेलाच?"

"माझा कोंबडा गेला," भागोजी म्हणाला. आजोबांच्या वाटण्यांनंतर दोघांचं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं. गर्दीत बसलेल्या गावच्या पंचांनी लगेच ते पकडलं आणि भोकाच्या जागी दगड पुरून बांध कायमचा ठरवून टाकला. मोजणीवाला आला तेव्हा त्याच्या साखळीत बांध थोडा वेगळा आला म्हणतात. पण शेठच्या गोटीपुढे त्याचं कुणी ऐकलं नाही.

छप्पर झालं. मुरारी कायम झाला. संघ त्या हंगामात अजिंक्य राहिला, पुढच्याही, आणि खांबेटेसर निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीनंतर तेच भाकीत करीत राहिले. ते कधीच चुकलं नाही. काठ्या कैऱ्या पाडायला फार सोयीच्या पडत. वनमाळीशेठ दरवर्षी नवे चेंडू पाठवत, स्वतः मात्र पुन्हा आले नाहीत.

शेठ येऊन गेले त्या संध्याकाळी मुरारी घरी आला तो छाती काढून. शेठ काय बोलले ते त्याने येसूबाईला दोनदा ऐकवलं. तिने चुलीपुढून मान वर केली नाही.

"म्हमईवरनं यायचात तवा नखं काळी असायची," ती म्हणाली. "मी काय इचारलं कधी? हात धुवा आन बसा. कोंबड्याचं हाडूक ऱ्हायलंय."

मुरारीने हात धुतले. जरा जास्तच वेळ धुतले.