उद्या सकाळी सहा वाजता

सर्व्हर बिघडला की कानडे मॅडम आधी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसत. आम्ही कीबोर्डवर तुटून पडलेलो असायचो आणि त्या नुसत्या पडद्याकडे बघत राहायच्या. "हात काढा," म्हणायच्या, "काय झालंय ते दिसू तर द्या." ऑफिसात त्यांचं नाव 'थांबा मॅडम' पडलं होतं. एकदा चहावाल्याने जिन्यात त्यांना तशीच हाक मारली, तर त्या खरंच थांबल्या आणि हसल्या.

मी लासूर स्टेशनहून रोज ये-जा करायचे. घरातली पहिली पदवी माझी. इंजिनिअरिंग इंग्रजीतून पाठ केलं होतं, समजलं होतं कमी. मॅडमनी ते मला मराठीतून पुन्हा शिकवलं. मेसेजचा क्यू म्हणजे टपालाचा गठ्ठा. एक प्रोग्रॅम त्यात आणून टाकतो, दुसरा एकेक उचलून पोचवतो. उचलणारा अडला की गठ्ठा वाढत जातो. मी घाईने "झालं मॅडम" म्हटलं की त्या विचारायच्या, "तुझ्यापुरतं झालं, का त्यांच्यापुरतं?"

'ते' म्हणजे शहरातल्या काही कॉलन्यांतले लोक. त्यांना पाण्याची वेळ मेसेजने कळवायचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे होतं. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, त्यामुळे त्या एका मेसेजवर लोक रजा टाकत. मजकूर मी लिहिला होता. तारखा कोण वाचतं, म्हणून 'उद्या सकाळी सहा वाजता पाणी येईल' एवढंच लिहिलं. मॅडम म्हणाल्या, घरातलं कुणी सांगतंय असं वाटतं. त्या कौतुकावर मी आठवडाभर तरंगत होते.

एका सकाळी ऑफिसात येऊन पाहते तर आदल्या दुपारपासूनचे हजारो मेसेज तुंबलेले. मॅडम यायच्या आत मी प्रोग्रॅम तीनदा रीस्टार्ट केला. काही फरक नाही. मॅडम आल्या, हात मांडीवर ठेवून बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, सगळ्यात पुढचा मेसेज बघ. त्यातल्या मोबाइल नंबरात एक आकडा कमी होता. प्रोग्रॅम तो उचलायचा, पोचवता आला नाही म्हणून पुन्हा पुढेच ठेवायचा आणि परत तोच उचलायचा. मॅडमनी तो बाजूला काढला आणि गठ्ठा भराभर हलायला लागला.

"झालं मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी लगेच सगळं बंद केलं. "अगं, हे कालचे 'उद्या' आहेत."

मला कळायला एक क्षण लागला. ते पाणी त्याच सकाळी सहाला येऊन गेलं होतं. आता मेसेज गेले असते तर लोक दुसऱ्या दिवशी कोरड्या नळापाशी उभे राहिले असते. मॅडम काहीतरी मार्ग काढतील, असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त सगळे मेसेज पुसले.

मग फोन सुरू झाले. ते सगळे त्यांनीच घेतले. एक आजोबा रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "ताई, म्हातारी खाटंवर हाये, भरणारा मी एकटाच. आता कधी येईल म्हणायचं पाणी?" मॅडम म्हणाल्या, "आठ दिवसांनी, काका."

मेसेज पुसावे का लागले, याचा कंपनीच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मॅडमनी लिहिलं, "तारीख नसलेला मजकूर मी तपासून मंजूर केला होता." मी त्यांना म्हटलं, "मजकूर माझा होता." त्या म्हणाल्या, "मग मी खोटं कुठं लिहिलंय? वाचला होता मी. आवडलाही होता."

दुसऱ्या दिवशी मी धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि खरं सांगितलं. ते मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे. त्यांनीच सांगितलंय. कागदावर एकच नाव लागतं. जा, काम कर."

मी गेले आणि काम केलं.

त्याच महिन्यात कॉलन्यांचं काम आमच्या हातून गेलं आणि मॅडमही गेल्या. आता त्या शेंद्र्याच्या एका कारखान्यात आलेल्या मालाची नोंद करतात, असं ऐकते. मी कायम झाले. सणावारी त्यांना फोन लावते. मी विचारायच्या आतच त्या विचारतात, "काम कसं चाललंय?" मी चांगलं चाललंय म्हणते. "बरं झालं," म्हणतात आणि फोन ठेवतात. त्यांचं कसं चाललंय, हे अजून एकदाही माझ्याकडून विचारून झालेलं नाही.