टोल्याच्या वाट्याला आलेली विहीर

विहिरीत भूत नाही हे सिद्ध करण्यासाठी मी तिच्या कठड्यावर बसून डबा खाल्ला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर हिरवी मिरची. हात धुतले, आत डोकं घातलं आणि ओरडले, "कोणी आहे का रे?" उत्तर आलं नाही. मी विजयी मुद्रेनं गॉगल चढवला. आज नातवंडांना हे सांगते तेव्हा ती हसतात, मीही हसते. पण त्या गॉगलवालीला तेव्हा कुणीतरी एक टपली मारायला हवी होती.

मी भूजल सर्वेक्षणात भूवैज्ञानिक होते. जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते मोजायचं, हे काम. विहिरीत टेप सोडायचा, टोकाचं वजन पाण्याला टेकलं की 'टुप' आवाज येतो, मग आकडा लिहायचा. नोकरीतला अर्धा जन्म मी तो टुप ऐकला.

ती विहीर ज्या गावातली, ते चंद्रपूरपासून तासाभरावर. आदल्या पावसाळ्यात तिथे पूर आला तेव्हा घराघरात कमरेएवढं पाणी होतं. मे महिन्यात त्याच घरांत प्यायला पाणी नव्हतं. पेपरात उष्ण शहरांच्या यादीत रोज आमचंच चंद्रपूर सगळ्यात वर. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे टोला, म्हणजे त्याच गावाची छोटी वस्ती. टोल्यात ढिवरांची घरं, तलावातल्या मासोळीवर जगणारी. तलावाला भेगा पडलेल्या, हातपंप नुसता खोकणारा, टँकर आला तर आला. गावाच्या विहिरीत मात्र पाणी होतं, आणि भांडण तिच्यावरून होतं.

ग्रामपंचायतीत मला खुर्ची दिली. टोल्यातली कौसाबाई उभीच होती.

"दर घरामागं दोन हंडे पानी मांगून राह्यलो, नदी नाई मांगत. काऊन देत नाई?"

सरपंच नामदेवभाऊ काही वाईट माणूस नव्हता. "बाई, उद्या आमची इहीर आटली तं आमी कोनाच्या दारी जावाव? तुमच्या बाजूले जुनी इहीर हाये ना. गाळ काढा अन् प्या पानी."

"ते सास घेते! आमी तिकडं बकरी बी नेत नाई. तुमच्या पोराईले पाजा तिचं पानी!"

विहीर आणि श्वास घेते! सगळे हसले. मी सगळ्यात जास्त.

ऑफिसात माझ्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "म्याडम, जुन्या विहिरीत पाणी आहे ना? मग सर्टिफाय करा आणि विषय मिटवा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या विहिरीवर पोचले. टेप सोडला, टुप. पुराचा गाळ होता, पण पाणी होतं. माणूस उतरवण्याआधी हवा तपासतात. त्यासाठी पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा. विझला तर खाली प्राणवायू नाही. माझा कंदील झकास जळत राहिला. एक गोष्ट दिसली होती. आमच्याकडे पडक्या विहिरीत पारवे असतातच. इथे एकही नव्हता. कपारीत कोळिष्टकसुद्धा नव्हतं. मी अहवालात लिहिलं, 'विहीर स्वच्छ'. मग तो डबा.

गाळ काढायचा दिवस ठरला. उतरणार होता मारोती, कौसाबाईचा एकुलता एक मुलगा. आईनं टँकरमागे पळू नये म्हणून तो तयार झाला होता. कौसाबाई माझ्याशी बोलत नव्हती.

काम सकाळी सुरू व्हायचं होतं. कठड्यावर पूजा मांडली, अगरबत्ती लावली. वारा पार पडलेला. तरी धूर वर जाईना. तो कठड्यावरून वाकला आणि दोरीसारखा सरळ विहिरीत उतरू लागला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "हवेचा झोत आहे." कुठला झोत, ते मला कोणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

तेवढ्यात निरोप आला. नारळ फोडायला पुढारी येणार, त्यांच्याआधी कोणी विहिरीत उतरायचं नाही. सगळे मोहाच्या सावलीत बसून राहिले. ऊन असं की दूरची माणसं पाण्यात उभी असल्यासारखी हलताना दिसत. पुढाऱ्यांची गाडी आली तेव्हा दुपार कलायला लागली होती, पश्चिमेला आभाळ तांब्याच्या रंगाचं झालं होतं. पानही हलत नव्हतं. आणि विहीर घोरू लागली.

तो आवाज कानाला कमी आणि छातीत जास्त कळत होता. खोल, सावकाश, न थांबणारा.

"मोटर चालू हाये का?" पुढाऱ्यांनी विचारलं.

तिथे विजेची तारसुद्धा नव्हती.

नारळ फुटला. नवी अगरबत्ती लावली. या वेळी धूर विहिरीपासून लांब ढकलला जात होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. सकाळी आत, आता बाहेर. डोक्यात काहीतरी हललं, पण तोवर मारोती कठडा ओलांडून गेला होता. कमरेला दोर होता, तेवढा नियम मी पाळायला लावला होता. कंदील पुन्हा कोणी सोडला नाही. म्याडमनं तपासली होती ना!

"काय दिसते रे?" सरपंचांनी विचारलं.

"अंधार दिसते! तुमच्या पंचायतीवानी!"

लोक हसले. जरा वेळानं खालून आवाज आला, "थंड हाये बाप्पा." मग तो हसला, उगीचच. आणि मग खालून बोलणं ऐकू येऊ लागलं, हळू, समजूत घातल्यासारखं. शब्द लागत नव्हते. वर आम्ही सगळे गप्प होतो.

"ओढा!" मी किंचाळले. "दोर ओढा!"

"आत्ताच तं उतरला, म्याडम..."

"ओढा म्हणते ना!"

गाव आणि टोला एकाच दोराला लागले. मारोतीचा मेहुणा खाली उडी घ्यायला निघाला, तेव्हा मी त्याच्या कमरेला मिठी मारून खाली बसले. अशा विहिरीत दुसरा पहिल्याला वाचवायला जातो आणि दोन प्रेतं निघतात. मारोती वर आला. ओठ जांभळे, मान लोंबलेली. त्याला लांब नेऊन उताणा झोपवला. सरपंच त्याची छाती दाबत होते. कौसाबाई रडली नाही. तिनं माझा पदर मुठीत घट्ट धरला होता, मी पळून जाईन म्हणून असेल. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो खोकला.

पुढाऱ्यांच्या एसी गाडीतून त्याला चंद्रपूरला नेलं. गाडी गेल्यावर मी कंदील पेटवून विहिरीत सोडला. हातभर खाली गेला आणि ज्योत मिटली. फडफडली नाही, झुकली नाही. पुन्हा पेटवला, पुन्हा तसंच. सगळं गाव बघत होतं.

त्या जमिनीखाली एक जुनी, बंद पडलेली कोळसा खाण आहे. कोळसा निघाला, पोकळी राहिली. आतला उरलेला कोळसा हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. बाहेरच्या हवेचा दाब रोज वरखाली होतो. सकाळी तो वाढतो तेव्हा विहीर ताजी हवा भेगांतून आत ओढते. दुपारी तो उतरतो तेव्हा पोकळीतली मेलेली हवा बाहेर टाकते. वादळ येणार असेल तर आणखी जोरात. हे सगळं मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेच्या पेपरातही लिहिलं होतं. कंदील सकाळी सोडला, डबा सकाळी खाल्ला, आणि कौसाबाई अक्षरशः खरं बोलत होती.

साहेब फोनवर म्हणाले, "म्याडम, तुम्ही तर 'स्वच्छ' लिहिलंय."

"आता 'श्वास घेते' असं लिहिते."

"असं लिहितात का कुठे? 'उतरण्यास धोकादायक' लिहा. आणि वर स्लॅब टाकायला सांगा."

स्लॅब पडला. पण खरा प्रश्न पाण्याचा होता. माझ्या 'स्वच्छ'मुळे गावाला 'नाही' म्हणायची सोय झाली होती, ती आता गेली. ग्रामसभेत नामदेवभाऊंनी टँकर वाढवून मागू असं सुचवून पाहिलं. ज्यांनी दोर ओढला होता त्यांच्या तळहातांवर अजून फोड होते. त्यांच्यातलं कोणी सरपंचांच्या बाजूनं बोललं नाही. गावाच्या विहिरीवर सकाळी गाव पाणी भरेल, संध्याकाळी टोला भरेल असं ठरलं. दोन्हीकडचे कुरकुरले. मी दर आठवड्याला टेप घेऊन जायचे. पाणी खाली गेलं, पावसापर्यंत आटलं मात्र नाही.

मी शिकले ते एवढंच, की तपासणी ज्या वेळी केली त्या वेळेपुरती खरी असते. वेळ टळली की पुन्हा कंदील सोडायचा, पुढारी घड्याळ बघत उभे असले तरी.

मारोतीला भेटायला मी दवाखान्यात गेले. माफी मागितली, ती त्यानं हसण्यावारी नेली. प्राणवायू कमी पडला की माणूस भ्रमात बडबडतो, हे मला ठाऊक होतं. तरी निघताना विचारलंच, "खाली कोणाशी बोलत होतास रे?"

तो उशीला टेकून उठून बसला. मग म्हणाला, "मी कुठी बोलत होतो, बाई? मी तं आयकून राह्यलो होतो."