खेळातली पहिली खोली

मुलीने पुण्यातली नोकरी सोडून वर्षभरात एक खेळ बनवला. संगणकावर खेळायचा, अर्ध्या तासात संपणारा. चित्रातल्या वस्तूंवर माउसने टिचकी मारायची, कोडं सोडवायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. मारामारी नाही, गुण नाहीत. एका प्रदर्शनासाठी तो ठरलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. निवड झाली तर ती हेच काम पुढे करणार, नाहीतर परत नोकरीवर जाणार, असं आमच्यात ठरलं होतं.

पाठवण्याआधी, असले खेळ कधीच न खेळलेल्या माणसाला तो कुणाला न विचारता पूर्ण करता येतो का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी ती माझ्याकडे मलकापूरला आली. त्याच दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि स्वतः मागे वेताच्या मोड्यावर बसली.

"मी काही सांगणार नाही बाबा. अडलात तर अडा."

माझी थोरली बहीण चार घरं सोडून राहते. तीही तुरीच्या शेंगा सोलायला आमच्याकडेच घेऊन आली होती.

पडद्यावर एक अंधारी खोली होती. एक माठ, एक पेटी, बंद घड्याळ. पेटीची किल्ली माठाच्या झाकणाखाली सापडली. पेटीत तेलाची बुधली निघाली. ती घेऊन मी पेटी लावली आणि माठावर झाकण ठेवलं.

"बाबा, झाकण नाही ठेवलं तरी चालतं."

"पाण्यात पाल पडते."

ती हसली. मलाही बरं वाटलं.

मग खोलीचा कोपरा उजळला. तिथे जमिनीवर दिवा होता, खाली पीठ पसरलेलं. शेजारची फरशी एका कोपऱ्यात फुटलेली. ती फरशी आमची आहे. तिच्यावर आता आम्ही कपाट ठेवलं आहे.

तिची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी दिवा लावतात आणि दहाव्यापर्यंत विझू देत नाहीत. तेल घालायचं काम मी कोणालाही दिलं नव्हतं. एक वात किती तेल ओढते ते मला ठाऊक होतं. खेळातली वात फार भराभर ओढत होती. ज्योत बारीक झाली. मी बुधलीवर टिचकी मारली, मग दिव्यावर. ज्योत मोठी झाली. भिंती तपासल्या, घड्याळ उघडून पाहिलं. ज्योत पुन्हा बारीक. पुन्हा तेल.

"काऊन रे," बहीण म्हणाली, "जिनिंगमधला कापसाचा सारा काटा सांभाळतोस अन् एका खोलीतून निघता येत नाही तुले?"

"दारच नाही इथे."

"बिनदाराची खोली कोन बांधते? बरोबर पाहून राह्यला का तू?"

मुलगी आता हसत नव्हती. मी जितका अडकत होतो तितका तिचा खेळ नापास होत होता, हे मला कळत होतं. म्हणून मी घाई करत होतो आणि घाईत तेल जास्तच घालत होतो.

शेवटी तिनेच आपली अट मोडली. "बाबा, हात जरा बाजूला ठेवा ना."

"विझेल."

"हो. अंधार झाला की फटीतून पलीकडचा उजेड येतो. मग दार दिसतं. काही करायचं नाही, एवढंच कोडं आहे."

मी हात काढला. ज्योत निळी झाली आणि हात पुन्हा बुधलीवर गेला. ठरवून काढला, तरी गेला.

"दिवाही राहील आणि दारही दिसेल, असं नाही करता येत?"

"येतं. पण त्या खोलीतून मी अशीच निघाले, बाबा."

मी दिव्यात पुन्हा तेल घातलं. बहिणीने शेंगांचं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले.

"सरक तिकडं. तुह्यानं नाही होत."

मी उठलो आणि ओसरीवर आलो. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली.

"आत्याला दार सापडलं. पाठवू का?"

"पूर्ण खेळल्याशिवाय मी काय सांगणार?"

"खेळलात तेवढ्याचं सांगा."

"फरशी बरोबर काढलीस."

ती पुढे काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली. मला पाठव म्हणणं जमेना आणि नको म्हणणंही. आतून बहिणीने हाक मारली, "अवं पोरी, इथं तं सारं सामान बांधून ठेवलं हाये! आता कुठं दाबू?" ती आत गेली.

संध्याकाळी तिने खेळ होता तसाच पाठवला. निवड झाली नाही. ठरल्याप्रमाणे ती नोकरीवर परत गेली. माझ्या अडकण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं ती फोनवर सांगते. मला ते पडताळून पाहता येत नाही.