मीनावहिनीचं आतलं काम

मतदानाच्या दिवशी आमच्या सोसायटीतून सगळ्यांत आधी बाहेर पडायची ती मीनावहिनी, आणि मत नसलेली एकटी तीच. आमचं केंद्र मीरा रोडच्या एका शाळेत असतं. शाळेच्या फाटकापासून थोडं लांब, रिक्षा स्टँडच्या बाजूला, ती घरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची मांडून बसायची. मांडीवर बाजाराची मोठी पिशवी. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून अख्खी इमारत आपापले फोन तिच्या पिशवीत टाकून रांगेत जायची. प्रत्येक फोनला ती चिकटपट्टी लावून त्यावर फ्लॅटचा नंबर घालायची. फोन वाजला तर बेधडक उचलायची. एकदा माझ्या सासूबाईंना तिने सांगून टाकलं, "शुभा आत गेलीय, कुकर लावून घ्या म्हणाली." मी असं काही म्हटलं नव्हतं, पण घरी परतले तेव्हा भात तयार होता.

कुणी संकोच केला तर ती हात पुढे करायची. "द्या गो माझ्याकडे. मला आत काम न्हाय." हे ती हसत म्हणायची, म्हणून आम्हीही हसायचो.

मीनावहिनी मॉरिशसची. तिथेही मराठी माणसं राहतात हे ती शेजारी येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. तिचे पणजोबा रत्नागिरीकडून बोटीत बसून उसाच्या मळ्यात मजुरीला गेले आणि तिथलेच झाले. पुढे बोटीवर नोकरी करणारे आमचे कदमभाऊ तिकडे उतरले, गणपतीत हिला ढोलकी वाजवताना पाहिलं आणि लग्न ठरवूनच परत आले. तिची मराठी जुन्या कोकणातली, मधेमधे तिकडच्या बोलीतले शब्द पेरलेली. सगळं ठीक असलं की तिचा एकच शब्द, 'कोरेक'. आमटी जमली, कोरेक. लिफ्ट सुरू झाली, कोरेक. आमचा वॉचमनसुद्धा पाण्याचा टँकर आला की खालून सांगायचा, "भाभी, पानी कोरेक है." उत्तनजवळच्या पाली कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी मार्था तिचं 'हाय-न्हाय' ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "उत्तनच्या कुठल्या घरची गो तू?" वहिनी त्या दिवशी इतकी खूश झाली की तिने गरजेपेक्षा दुप्पट बोंबील घेतले आणि अर्धे माझ्या गळ्यात मारले.

एवढी आमच्यात मुरलेली बाई, पण कागदावर परदेशी. ठरावीक काळाने व्हिसा वाढवून घ्यायला जायचं, आणि तिथे टेबलापलीकडचा माणूस न चुकता विचारणार, परत कधी जाणार? घरी येऊन ती म्हणायची, "सरकारचा माझ्यावर लई जीव. सारखं विचारतंय, कधी जाणार, कधी जाणार." तिच्याकडे आधार कार्ड होतं, पण परदेशी माणसाचं. व्हिसा संपला की तेही संपणार, तशी मुदतच त्यावर छापलेली. ते कार्ड दाखवत ती म्हणायची, "मी दुधाची पिशवी हाय. तारीख बघून वापरा."

एकदा मी तिच्यावर चिडलेच. म्हटलं, अगं, इतकी वर्षं इथे काढलीस, कदमभाऊ गेले तरी इथेच राहिलीस, मग नागरिकत्व घेऊन टाक की. किती दिवस फोन सांभाळत बसणार आहेस? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घेतलं तर तिथला पासपोर्ट परत द्यावा लागतो, शुभा. तिथं आई हाय. आईच्या दारात व्हिसा घेऊन जाऊ?" मी तिच्या ताटातले चार तांदूळ उगाच निवडले आणि घरी आले.

मग तिची आई गेली. वहिनी तिकडे जाऊन सगळं उरकून आली आणि बॅग न उघडताच माझ्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "अर्ज भर गो माझा. आता तिथं मला 'ये' म्हणणारं कोणी उरलं न्हाय. इथं मरायचं हाय, तर मत देऊन मरते."

अर्ज, चौकश्या, पोलिसांच्या फेऱ्या, सगळं रीतसर रखडलं. आणि एका दुपारी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडलं. आमचे सेक्रेटरी गायकवाडसर मूळचे लातूरचे, निवृत्त शिक्षक. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, ते प्रमाणपत्र पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचलं आणि संविधानाची प्रत वहिनीच्या हातात दिली. "आता हे तुमचंही," एवढंच म्हणाले. वहिनीने कुणाची तरी ढोलकी मागवली आणि गच्ची दणाणून सोडली. नया नगरात मेंदी काढणारी आमची रुखसानाबाजी कोन घेऊनच आली होती. "भाभी, दुल्हन तो आज बनी हो आप," म्हणत तिने दोन्ही तळहात भरले, बोटांची टोकं गडद रंगवली, नखंसुद्धा सोडली नाहीत. सकाळी रंग असा काही चढला होता की वहिनी दारोदार हात दाखवत फिरली.

इथेच आम्ही माती खाल्ली. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि मतदार यादीत नवं नाव घालायची मुदत संपत आली होती. त्यासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. विजेचं बिल अजून कदमभाऊंच्या नावावर, जुना पासपोर्ट परत केलेला. उरलं फक्त आधार, आणि त्यावर ती अजून परदेशीच. म्हणजे आधी आधारमधली नोंद बदलायची, मगच यादी. आम्ही दोघी आधार केंद्रावर गेलो. तिथल्या मॅडमनी प्रमाणपत्र उलटून-पालटून पाहिलं. "आधी परदेशी होतात आणि आता नाही? माझ्याकडे अशी पहिलीच केस आहे हो." वरिष्ठांना फोन लावून त्यांनी सगळी माहिती भरली, फोटो काढला, आणि वहिनीला बोटं यंत्रावर ठेवायला सांगितली. पडद्यावर सगळी बोटं लाल. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. मॅडमनी तिचे हात उलटे करून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "एवढी मेंदी? ठसे कुठून येणार? उतरली की या."

बाहेर येऊन वहिनी पायरीवर बसली. तिला रडताना मी भाऊ गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर हे आत्ताच. "सगळ्यांनी एवढ्या प्रेमानं रंगवलं गो," ती म्हणाली, "आणि त्यातच मी बुडाले." मला स्वतःचाच असा राग आला म्हणून सांगू. बँकेत जन्म गेला माझा, ठशांची यंत्रं रोज बघते, आणि त्या रात्री गच्चीवर मेंदीचे कोन पुढे सरकवणाऱ्यांत मीच होते.

पण आमची इमारत हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नाही. रुखसानाबाजी धावत आली. "मैंने लगाई है, मैं ही उतारूँगी," म्हणत तिने वहिनीचे हात कोमट पाण्यात बुडवले. मग लिंबू झालं, मीठ झालं, खायचा सोडा झाला, कुणीतरी टूथपेस्ट आणली. मार्था माशांची पाटी दारात टेकवून आत आली आणि तिनेही एक हात घासायला घेतला. जी येईल ती थोडं घासून जायची. वहिनी मधूनच ओरडायची, "बाई गो, हात भांडी न्हाईत," आणि पुन्हा हात पुढे करायची. रोज केंद्रावर जायचं, रोज लाल बघून परतायचं. यादीची मुदत अगदी अंगावर आली होती.

शेवटी एका सकाळी पडद्यावर एक बोट हिरवं झालं. मग दुसरं. काचेपलीकडे आम्ही बायका क्रिकेटची शेवटची ओव्हर बघतोय तशा उभ्या. उजवा हात पार पडला, डाव्याची चार बोटं पार पडली, आणि डावा अंगठा अडून बसला. मॅडमनी ओल्या फडक्याने तो स्वतः पुसला, आपल्या हाताने दाबून धरला. हिरवा. काचेपलीकडे असा कल्ला झाला की रांगेतली अनोळखी माणसंही टाळ्या वाजवायला लागली. कशासाठी ते त्यांना आजही माहीत नसेल. वहिनी आमच्याकडे वळून फक्त एक शब्द म्हणाली, आणि तो कुठला ते सांगायला नको.

कार्डातली नोंद बदलल्याचा मेसेज आला, गायकवाडसरांनी त्याच दिवशी यादीचा अर्ज भरून घेतला. पुरवणी यादी लागली तेव्हा तिचं नाव मी तिला माझ्या फोनवर दाखवलं. तिने ते बोटाने मोठं केलं, परत लहान केलं, परत मोठं केलं.

मतदानाच्या सकाळी ती नेहमीसारखीच सगळ्यांच्या आधी निघाली. खुर्ची आणि पिशवी बरोबर होतीच. पण या वेळी तिने खुर्ची मांडली, पिशवी माझ्या हातात दिली आणि आपला फोन तीत टाकला. "सांभाळ गो," म्हणाली आणि पदर सावरत फाटकातून आत गेली. थोड्या वेळाने मला बसवेना. पिशवी पोटाशी धरून मी कुंपणापाशी गेले. मतदानाची खोली तळमजल्यावर होती, खिडकी उघडी होती. आत यादी बघणारा माणूस प्रत्येकाचं नाव मोठ्याने पुकारतो. त्याने पुकारलं, "मीना कदम." एवढंच. पुढे 'परत कधी जाणार' असं त्याने काही विचारलं नाही. कुंपणाला धरून मी रडले, अगदी उघड रडले, आणि पिशवीत कुणाचा तरी फोन वाजत होता तो वाजू दिला.

ती बाहेर आली ती बोट वर धरूनच. नखावर मेंदीचा केशरी रंग अजून होता आणि त्यावरून शाईची काळी रेघ. गायकवाडसर म्हणाले, "वहिनी, आज तरी घरी जा, आराम करा." तिने ऐकलं नाही. माझ्या हातातून पिशवी घेतली आणि खुर्चीत बसून चिकटपट्टीचं टोक शोधायला लागली.

मीनावहिनी आता नाही. ते तिचं पहिलं मतदान, आणि तेच शेवटचं ठरलं. पण ती आठवते ती मला त्या खुर्चीतच, रांगेकडे निघालेल्या आम्हा सगळ्यांपुढे हात पसरून बसलेली.

"द्या गो फोन," ती म्हणत होती. "माझं आतलं काम झालं."