उंबऱ्याबाहेरचा खुनी

नोकरीत मी बरेच खून पाहिले. पण औराद तालुक्यातल्या एका गढीतला खून अजून मनातून जात नाही, आणि त्याचं कारण प्रेत नव्हे, आरोपी. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. ठाण्यावरचा झेंडा बदलला होता, पण दप्तर अजून उर्दूतच चालायचं आणि फौजदाराला लोक अमीनच म्हणायचे. तो अमीन मी. नावं कोणाचीच देत नाही, त्यांची नातवंडं हयात आहेत.

सकाळची हजेरी चालू होती. एका गावच्या देशमुखांचा कारभारी घोड्यावरून खबर घेऊन आला. आदल्या दिवशी गढीच्या बैठकीच्या खोलीत एका शेतकऱ्याचा कुऱ्हाडीने खून झाला होता.

"आरोपी फरार?" मी विचारलं.

"फरार कशाला, अमीनसाब? ह्यो काय, मागं आलाय की."

घोड्यामागून खरोखरच एक माणूस चालत आला होता. हातात दोरी नाही, सोबत राखण नाही. धापा टाकत तो पायरीखाली उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मीच मारलो, साहेब." गावाबाहेरच्या वस्तीतला, देशमुखांच्या वेठीचा माणूस. वेठ म्हणजे फुकटची राबणूक. मालक सांगेल ते करायचं, बापामागून मुलानेही करायचं. नव्या सरकारने ती बंद केली होती, निदान कागदावर.

माझा जमादार खूश झाला. जमादारांना आयता आरोपी फार आवडतो. मला मात्र खुनी असा मुकाट घोड्यामागे चालत येतो हे पचेना.

चौकशीला घेतलं. बाकावर बसायला तो तयार होईना, म्हणून जमिनीवरच.

"कामून मारलास?"

"त्यो शिवी दिला, साहेब. मला राग आला. बैठकीतली कुऱ्हाड घेतलो अन् मारलो."

मी फिरवून फिरवून विचारलं. आवाज चढवला तरी तेच, चहा पाजला तरी तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. खरं सांगणारा माणूस दर वेळी काहीतरी विसरतो, काहीतरी नवीन आठवतो. याला सगळं पाठ होतं.

"अरे, फाशी होईल. कळायलंय का तुला?"

"व्हय, साहेब."



मेलेला शेतकरी देशमुखांचं कूळ होता. नव्या कायद्याने जमीन आता आपलीच, ती सोडणार नाही, असं तो बाजारात उघड बोलला होता. राग कोणाला आला असेल हे सांगायला अमीन लागत नव्हता. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि गावाने तोंडाला कुलूप घातलेलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून आरोपीला घटनास्थळी नेऊन पंचनामा करायचं ठरवलं.

बैठकीत रक्ताचा डाग वाळून काळा पडला होता. पंच आत, देशमुख आत, मी आत. आरोपी उंबऱ्याबाहेर उभा.

"आत ये. कुऱ्हाड कुठून घेतलास ते दाखव."

तो हलेना. शेवटी शिपायाने दंडाला धरून पुढे ओढलं. त्याचा पाय उंबऱ्याला लागतो न लागतो तोच देशमुख ओरडले, "थांब! आत पाय ठिवू नको! गढी बाटवायलास का?"

तो चटकन मागे सरला. पंचांनी माना डोलावल्या. आपण काय ऐकलं हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी देशमुखांकडे वळलो.

"हा आत येऊन खून करून गेला म्हणता. तेव्हा नाही बाटली गढी?"

देशमुखांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या माणसाला त्यांनी सगळं पढवलं होतं: शिवी, राग, कुऱ्हाड. पण तो बैठकीत पाऊलच टाकू शकत नाही, ही साधी गोष्ट पढवणाऱ्यांच्या डोक्यातच आली नाही. इतकी ती त्यांच्या अंगवळणी पडली होती.

आता आपलीही मान अडकणार हे कारभाऱ्याने ओळखलं आणि दुपारपर्यंत तो फुटला. कुऱ्हाड मालकांनीच चालवली होती. ती आतल्या पेवात, धान्याखाली पुरलेली सापडली. देशमुखांना अटक झाली.

वेठीच्या माणसाला मी मोकळं केलं. वाटलं, पाया पडेल. तो ढसाढसा रडायला लागला.

"आता माझ्या लेकरांचं कसं हो, साहेब? मालकाची माणसं वस्तीत राहू देणार न्हाईत."

"अरे, पण दुसऱ्यासाठी फासावर जायला तयार कसा झालास तू?"

"माझा बाप बी थोरल्या मालकासाठी तुरुंगात गेल्ता. ते आमच्याच घराकडं हाय, साहेब."

गढीचं पाणी भरणं एका घराकडे, लाकडं फोडणं दुसऱ्याकडे, तसा मालकाचा तुरुंग याच्या घराकडे! आणि हे तो शेताची हद्द सांगावी तसं सांगत होता. माझा राग देशमुखांवरून घसरून त्याच्यावरच गेला.

"वेठ बंद झाली रे! तुझ्या गावात दवंडी फिरली. ऐकला नाहीस?"

"आयकलो की. मीच दिलो, साहेब."

"तूच दिलास? मग?"

तो जरा गोंधळला. मला एवढंही कसं कळत नाही, असं त्याला वाटलं असावं.

"दवंडी द्यायची बी वेठच की, साहेब."

पुढे नोकरीभर नवा कायदा आला, की मी आधी विचारायचो, गावात याची दवंडी कोण देणार आहे? वरिष्ठांना तो प्रश्न कधीच कळला नाही.