सात तांबडे, एक काळा

“रस्ता पीत न्हाय!” एवढं म्हणून मुकादम उजवा पाय रस्त्यावर आपटायचे. समोर मोटारीचा मालक असो, फौजदार असो, नाहीतर बांधकाम खात्यात नव्यानं लागलेला माझ्यासारखा कारकून असो, वाक्य तेच आणि पायही तोच. पायात वहाण क्वचितच असे, त्यामुळे आवाज फारसा होत नसे. पण समोरचा माणूस मात्र एक पाऊल मागे सरकायचा.

निपाणीहून संकेश्वरकडे जाताना घाट लागतो. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर त्याची वळणं पोटात आठवत असतील. आमचे मुकादम त्या घाटाचे. हाताखाली खडी फोडणाऱ्या, मुरूम पसरणाऱ्या दहाबारा बायामाणसांची टोळी. तेव्हा अजून इंग्रजांचं राज्य होतं आणि उतारूंच्या सर्व्हिस मोटारी नुकत्याच वाढायला लागल्या होत्या. घाट चढून आली की मोटार माथ्यावर थांबायची, इंजिन गार करायला. तिथंच दारूचा गुत्ता होता. इंजिन पाणी प्यायचं आणि ड्रायव्हर दुसरं काहीतरी. मग उतार सुरू व्हायचा.

मोटार उलटली की मालक लिहून द्यायचा, ‘वळण सदोष.’ फौजदार तेच लिहायचा. आमच्या कचेरीच्या अहवालात ‘कारण’ या रकान्यात तेच शब्द मी सुवाच्य अक्षरात उतरवायचो. माझं अक्षर चांगलं होतं, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही होता. कागदावर बघाल तर आमच्या घाटात माणसं फक्त वळणानं मरत होती. दारूचं नावसुद्धा नाही.

मुकादमांना हे सहन व्हायचं नाही. अपघात झाला की ते आधी माणसं बाहेर काढायचे, कुणाला तरी सायकलवर डॉक्टरसाठी पिटाळायचे. मग चाकांच्या खुणांवर बाभळीच्या फांद्या टाकायचे, कुणी तुडवू नये म्हणून. कमरेची गाठी मारलेली दोरी सोडायची आणि मोजायला बसायचं. ते चिकोडीकडचे. भांडायचे मराठीत, मोजायचे कानडीत. “वंदु, येरडु, मूरु...” वळणाच्या आधी मुरमात ब्रेकची रेघ उमटली असेल, तर ते मुकाट्यानं दोरी गुंडाळायचे. रेघच नसेल आणि चाकं सरळ दरीकडे गेली असतील, तर उठून ड्रायव्हरपुढे उभे राहायचे. “तोंड उघड.”

एकानं एकदा सांगितलं, “मुकादम, खोकल्याचं औषध घेतलंय.”

“व्हय? मग खोक बघू.”

तो बिचारा खोकायला लागला. जखमींना फडकी बांधणाऱ्या बायकांनाही हसू आवरेना. मुकादम तेवढे हसले नाहीत.

त्यांची मोजणी कागदावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. मीही नव्हतो. तेव्हा त्यांनी दगड घेतले. प्यालेल्या ड्रायव्हरनं माणूस मारला, की त्या जागी रस्त्याकडेला तांबडी काव फासलेला एक मोठा दगड. जायबंदी झालेल्यांचे त्याच्याभोवती मुठीएवढे. चाकं जिथं रस्ता सोडून गेली तिथं एक खुंटी. बैल बुजला, ब्रेक तुटला, तर दगड नाही. त्यात हयगय चालायची नाही.

आता आपल्याकडे रस्त्याकडेला तांबडा दगड दिसला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पंधरा दिवसांत हळदकुंकू आलं, उदबत्ती आली. ड्रायव्हर नारळ फोडायला लागले. गुत्त्यातून निघालेला गडी खाली उतरून, तोल सावरत, मनोभावे हात जोडायचा. मुकादम ओलं फडकं घेऊन धावायचे. “पुजू नगासा, मोजा! देव न्हवंत ही. तुमच्यागत पेलेल्यांनी मारलेली माणसं हायती!” नारळ मात्र टोळीतल्या बायका घरी न्यायच्या. त्याला मुकादमांची हरकत नसायची.

असे सात तांबडे दगड झाले, तेव्हा एका मालकानं बेळगावला अर्ज केला. घाट धोक्याचा, मुकादम नालायक. इंजिनिअर साहेब तपासणीला येणार असं कळलं. रस्त्याचा दोष निघाला तर मुकादम घरी, हे उघड होतं. कचेरीतून हुकूम गेला, सगळ्या दगडांना चुना लावा. मुकादमांनी लावला, मैलाच्या दगडांना, कठड्याला, सगळीकडे. सात तांबडे तसेच ठेवले. आणि सगळ्यात खालच्या वळणावर डांबर फासलेला एक काळा दगड होता, तोही तसाच.

मी आदल्या दिवशी मुद्दाम घाटात गेलो. “मुकादम, तो काळा तरी दरीत ढकला.”

“का वो अण्णा?”

“साहेब विचारतील.”

“इचारू द्या की.”

साहेब आले, अर्ज करणारा मालकही बरोबर होता. मुकादमांनी सरळ त्यांच्या हातात दोरीचं एक टोक दिलं. हॅट घातलेला साहेब भर उन्हात गाठी मोजत वळणाच्या तोंडापासून खुंटीपर्यंत चालला. सातही जागी चाकं वळण सुरू व्हायच्या आधीच सरळ सुटली होती. दोरीचं टोक साहेबांनी एकदाही सोडलं नाही. मालकाचा चेहरा उतरत गेला. शेवटच्या वळणावर तो म्हणाला, “साहेब, हा काळा कशाचा ते विचारा.”



“त्यो माझा,” मुकादम म्हणाले. “खडीचा ढीग वळणावर ठिवला हुता मी. डायवर शुद्धीत हुता, त्यानं बरेक लावलता. तरी क्लीनर गेला. त्यो रस्त्याचा, म्हंजी माझा.”

साहेबांनी तिथंच कठड्यावर कागद ठेवून स्वतः लिहिलं. सात मृत्यू, कारण चालक प्यालेला. आठवा, कारण मुकादमाची हयगय. गुत्ता माथ्यावरून दोन मैल हलवायचा हुकूम झाला. पिणाऱ्याला दोन मैल काय! मुकादमांना मात्र त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

मला त्यांचा राग आला होता. “कशाला सांगितलंत? कुणाला ठाऊक होतं?”

ते गाठोडं बांधत होते. मला नेहमी अहोजाहो करणारे मुकादम पहिल्यांदाच अरेतुरे करत म्हणाले, “एक लपवला असता, तर सातांवर कुणी इस्वास ठिवला असता रं?”

काही वर्षांनी ते चिकोडीत वारल्याचं कळलं. मी गेलो नाही. कामात होतो, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर एकदा सर्व्हिस मोटारीनं संकेश्वरला निघालो होतो. माथ्याखालच्या पहिल्या तांबड्या दगडावर आता पत्र्याचं छप्पर होतं, घंटा होती. ड्रायव्हर उतरला, त्यानं नारळ फोडला आणि खोबरं वाटत माझ्यापाशी आला. भपकन वास आला.

“तोंड उघड,” मी म्हणालो. हे मीच बोललो यावर माझाच विश्वास बसेना.

“नारळ दिलाय की देवाला! काय हुतंय?”

“हा देव नाही. तुझ्यासारख्यानं मारलेला माणूस आहे. असे सात आहेत खाली.”

“मी चालत जातो,” म्हणून मी उतरलो. धोतराच्या सोग्यानं त्या दगडावरची हळद पुसली आणि मोठ्यानं म्हणालो, “वंदु!” लोक वेड्याकडे बघावं तसे बघत होते. मग पाटीवाली एक बाई उतरली. “मी बी चालत येतो,” म्हणाली. तिच्यामागं दोघं, मग सगळेच. ड्रायव्हर रिकाम्या मोटारीत बसून हॉर्न वाजवत राहिला.

घाट आम्ही चालत उतरलो. प्रत्येक दगडापाशी मी हळद पुसायचो आणि आकडा म्हणायचो. चौथ्यापासून बाकीचेही म्हणायला लागले. “येळु”, म्हणजे सातवा, झालं, आणि खालच्या वळणावर तो काळा दगड दिसला. त्याला कुणी हळद लावली नव्हती.

बाईनं पाटी खाली ठेवली. “ह्यो कुणाचा वो?”

“मुकादमांचा,” मी म्हणालो. “तोही मोजा.”