ट्रेस्ड बाय के. डी.

हडपसरच्या त्या कारखान्यात साळव्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही ड्रॉईंग खाली मशीन शॉपमध्ये उतरत नसे. अठ्ठावीस वर्षं हे असं चाललं. पण हे ड्रॉईंग साळव्यांचं, असं कोणी कधी म्हटलं नाही आणि म्हणायचं कारणही नव्हतं. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चार चौकटी असत. पहिलीत ज्यानं काढलं त्याचं नाव, दुसरीत ज्यानं ट्रेस केलं त्याचं, तिसरीत तपासणाऱ्याचं आणि चौथीत साहेबांचं. साळवे दुसऱ्या चौकटीतले. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेल्या कागदावर ट्रेसिंग पेपर टाकायचा आणि शाईनं सगळं जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच त्यांचं काम. चौकटीत ते लिहायचे के. डी., म्हणजे कचरू धोंडिबा. आधीची दोन मुलं गेली म्हणून आईनं तिसऱ्याचं नाव कचरू ठेवलं, नजर लागू नये म्हणून. पोरगं जगलं, पण ऑफिसात ते नाव मोठ्यानं सांगायची साळव्यांना लाज वाटायची. तिथं सगळे त्यांना केडीच म्हणत.

ट्रेसरला एक नियम असतो. मूळ ड्रॉईंगमध्ये चूक दिसली तर तपासणाऱ्याला सांगावी, आपण हात लावू नये. चौऱ्याऐंशी साली एका भोकाची जागा साळव्यांनी स्वतःच्या अकलेनं चार मिलिमीटर सरकवली. त्यांचंच बरोबर निघालं, तरी मेमो त्यांनाच मिळाला. तेव्हापासून दुसऱ्याची चूकसुद्धा ते मन लावून, सुबक उतरवू लागले.

पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, ड्रॉईंगचे लाकडी बोर्ड भंगारात गेले आणि दोन हजार एक साली साळव्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'स्वेच्छा' हा शब्द ज्यानं शोधला त्याला एकदा भेटायला हवं, असं ते म्हणत. मुलगी कल्याणी त्याच सुमारास हडपसरातच सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. ती सकाळी गाडीत बसून जायची आणि बाप गॅलरीत बसायचा. महिनाभरानं बायकोनं, शालननं, सरळ सांगितलं की कुठंतरी जा, नाहीतर मी जाते.

म्हणून साळवे सदाशिव पेठेतल्या चित्रकलेच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. वर्गात सगळी अठरा-वीसची पोरं, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी. शिकवणारे श्रीनिवास सर जेमतेम तेहतिशीचे. साळवे तिथं कशाला आले, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण आपल्याला काय हवंय ते त्यांना पक्कं माहीत होतं. मरायच्या आधी एकदा पहिल्या चौकटीत आपलं नाव लिहायचं होतं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. सरांनी टेबलावर किटली आणि वीट मांडली आणि समोर दिसतं ते काढा म्हणाले. तासाभरानं त्यांनी साळव्यांचा कागद उचलला, शेजारच्या नम्रताचा उचलला आणि दोन्ही एकावर एक धरून दिव्याच्या उजेडाकडे केले. रेघेवर रेघ बसली. नम्रतानं किटलीचं झाकण जरा डावीकडं कललेलं काढलं होतं. साळव्यांचंही तेवढंच कललेलं होतं. किटलीकडे त्यांनी तासाभरात एकदाही पाहिलं नव्हतं. पोरं हसली. सर हसले नाहीत, हे साळव्यांना जास्त लागलं.

"साळवेकाका, तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे," सर म्हणाले. "पण डोळा तुम्ही दुसऱ्याचा वापरताय."

डोळा वापरायला शिकणं हे सोपं काम नव्हतं. भांडी, चपला, खिडकी, सगळं ते पाहून काढू लागले, आणि जे निघायचं त्याची त्यांना शरम वाटायची. एवढ्या वाकड्या रेघा आयुष्यात त्यांच्या हातून कधी गेल्या नव्हत्या.

मधे एकदा सरांनी वर्गाला एका आजच्या शिल्पकाराच्या प्रदर्शनाला नेलं. लोखंडी पट्ट्यांचा पुरुषभर उंच गुंता होता. पोरं आशयावर बोलत होती. साळव्यांना आशय कळला नाही, पण वेल्डिंग कळलं. असं काम हाडाचा कारागीरच करतो. शिल्पकार तिथंच उभा होता, त्याला त्यांनी विचारलं की हे जोडलं कोणी. त्यानं आठवून सांगितलं, भोसरीचा एक माणूस आहे. नाव काय, ते काही त्याला आठवलं नाही. परत येताना बसमध्ये साळव्यांना शिल्पाखालची पाटी आठवत राहिली, तिच्यावर एकट्या शिल्पकाराचं नाव होतं. आजवर दुसऱ्या चौकटीचा त्यांना राग यायचा. इथं तर दुसरी चौकटच नव्हती, एवढा मोठा कलाकार आणि एवढी छोटी पाटी. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कारखान्याविषयी बरं वाटलं.

फेब्रुवारीत वर्गाचं प्रदर्शन होतं. प्रत्येकाचं एक चित्र, समोर बसलेल्या माणसाचं, स्वतः पाहून काढलेलं. नसेल तर भिंत रिकामी राहील, पण नक्कल लागणार नाही, असं सरांनी बजावलं. साळव्यांनी शालनला बसवलं. ती मेथी निवडत बसायची आणि दर दोन मिनिटांनी हलायची. तीन आठवड्यांत चौदा कागद वाया गेले. शेवटी चार दिवस उरले तेव्हा साळव्यांचा धीर सुटला. कल्याणीनं काढलेला आईचा एक फोटो होता, तो त्यांनी तिच्याकडून मोठा छापून घेतला. वर ट्रेसिंग पेपर टाकला. तासाभरात बिनचूक शालन उतरली. हाताला किती दिवसांनी सुख मिळालं, ते त्यांनाच माहीत.

शालननं चित्र बराच वेळ पाहिलं.

"हा कल्याणीचा फोटो आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी माझी दाढ सुजली होती. तीसुद्धा उतरवलीत तुम्ही."

साळव्यांनी पाहिलं. उजवा गाल खरंच फुगलेला होता. बत्तीस वर्षं रोज समोर असलेला तो चेहरा, आणि सूज आपल्या लक्षात आली नाही, ती शाईनं सुबक काढली. त्यांना खूप वाईट वाटलं. कागद त्यांनी फाडला आणि फोटो कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बुद्धाच्या तसबिरीखाली, उजेडात शालन पुन्हा मेथी घेऊन बसली. या वेळी ते कागदाकडे थोडं आणि तिच्याकडे जास्त बघत होते. ती हलली की थांबायचे, पुन्हा बघायचे. तिच्या भुवईवर एक बारीक व्रण होता. विचारलं, तर लग्नाआधीचा आहे म्हणाली. तीन दिवसांनी चित्र झालं. एक खांदा मोठा झाला होता आणि मेथी मेथीसारखी दिसत नव्हती.

सवयीनं त्यांनी खाली उजव्या कोपऱ्यात चौकटी आखल्या. साहेब आता कोणी नव्हता, म्हणून तीनच. तिसरीसाठी पेन शालनच्या हातात दिलं आणि 'तपास' म्हणाले. तिनं चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"नाक माझं नाही," ती म्हणाली. "पण बसलेय मीच." आणि तिनं सावकाश सही केली.

मग साळव्यांनी पहिल्या चौकटीत, आद्याक्षरं न घालता, पूर्ण लिहिलं: कचरू धोंडिबा साळवे. अक्षरं चौकटीत मावेनात, थोडी बाहेर आली. दुसऱ्या चौकटीत त्यांनी आडवी रेघ मारली.